बी-७०४ चे दीडशे पाहुणे

अनुष्का नऊ महिन्यांची झाली त्या रविवारी तिच्या आईला, म्हणजे जुईलीला, दोन तासांची सुट्टी मंजूर झाली. सात ते नऊ. मंजूर करणाऱ्या नवऱ्याने, मनीषने, पांघरुणातून एक डोळा बाहेर काढला. "जा गं बिनधास्त. मी आहे ना," म्हणाला आणि तोही डोळा मिटला.

दोन तासांचं काय करायचं ते जुईलीने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. सायकल काढायची, नदीच्या कडेकडेने रिहे गावाच्या बाजूला जायचं, आणि वाटेत कुणालाही भरवायचं नाही, पुसायचं नाही, झोपवायचं नाही. सोसायटीच्या सायकल ग्रुपने तिला बोलावलं होतं, पण त्यांच्या 'निवांत राइड'मध्ये नाश्त्याच्या आत साठ किलोमीटर होत. तिला खरोखरचं निवांत हवं होतं. शेजारून जाणाऱ्या म्हशीने मागे टाकलं तरी चालेल, इतकं.

सायकलच्या मागे बाळाची खुर्ची होती. अनू अजून तिच्यात बसण्याइतकी मोठी नव्हती. पण सूट होती म्हणून मनीषने ती मागवली, उत्साहाने बसवली आणि काढायचा पाना हरवला. रिकामी खुर्ची खडखडवत जुईली निघाली. दहाव्या मिनिटाला समोरून मेंढरं आली.

भाताची कापणी उरकली होती, आणि कोकणाकडे निघालेले मेंढपाळ नेहमीप्रमाणे याच वाटेने येत होते. जुईली पाय टेकून कौतुकाने बघत उभी राहिली. ती तिची पहिली चूक.

"ए बाय, थांबलीस ते बरं झालं!" कळपामागून हाक आली. हाक मारणाऱ्या मेंढपाळणीच्या, बानूबाईच्या, काखेत नुकतंच जन्मलेलं, ओलं कोकरू होतं. "घोडी बिऱ्हाड घिऊन म्होरं गेली. माज्या पोराच्या, म्हसूच्या काखंत दोन हायेत, माज्या काखंत ह्ये. तुजी गादी मोकळीच दिसतीया."

"अहो, पण ती बाळाची आहे."

"मग ह्ये कोन हाय?"

बानूबाईने कोकरू खुर्चीत ठेवलं. जुईलीने सवयीने त्याचा पट्टा लावला, रुमालाने तोंड पुसलं आणि "नाही हं रडायचं" असं बजावलं.

"कुठे सोडू?"

"पुलाच्या अंगाला एक वावर हाय. तितं दोन रोज मेंढरं बसवायचीत. शेताला लेंडीचं खत, आमाला दानं."

पूल मागे होता, सोसायटीच्याही पलीकडे. म्हणजे दोन तासांची राइड दहाव्या मिनिटालाच घराकडे वळली. पुलावर कोकरू उतरवू, की परत फिरू, अजून दीड तास आहे, असा हिशेब करत जुईलीने पायडल मारलं. कोकरू ओरडलं. त्याची आई धावत सायकलीमागे लागली. तिला धावताना बघून शेजारची धावली. पुढची का धावतेय असं विचारण्याची मेंढ्यांत पद्धत नाही. शंभर पावलांत अख्खा कळप जुईलीच्या मागे होता, आणि काठी हलवत म्हसू कळपाच्या मागे. "ताई, जोरात नगा मारू, त्याबी पळत्यात!"

ती हळू चालवायला लागली. मग मेंढ्या थांबून कुंपणं खायला लागल्या. या दोन्हींच्या मधला वेग तिला सापडला, तोवर मागे एका जीपने हॉर्नचा धडाका लावला होता आणि सोसायटीचं गेट आलं होतं. जुईलीला वाटलं, आपण आतून जावं. नदीकाठचा सायकल ट्रॅक मागच्या गेटाने थेट पुलाशी निघतो. मेंढ्या जातील म्हसूबरोबर रस्त्याने.

ती आत वळली. मेंढ्याही वळल्या.

गेटावरचा नरहरी कर्तव्यदक्ष माणूस होता. नोंद न करता एक पाहुणा आत सोडला म्हणून मागच्याच आठवड्यात सेक्रेटरींनी त्याला झापलं होतं. "मॅडम, ह्ये समदे तुमच्याच संगं का?"

नेमका तेव्हाच जुईलीचा फोन वाजत होता. "हो हो," ती म्हणाली आणि फोन शोधू लागली.

नरहरीने ॲपमध्ये लिहिलं: फ्लॅट बी-७०४, पाहुणे, अंदाजे दीडशे. वर मनीषचा मोबाइल टिणटिणला. त्याच्या एका हातात किंचाळणारी अनू होती, दुसऱ्या हातातल्या फोनवर तो बायकोला शोधत होता. भाजी, डायपर, कुरिअर, जे येईल ते तो न वाचता मंजूर करायचा. हेही केलं.

"साहेबांनी अप्रूव्ह केलं," नरहरी म्हणाला आणि दांडा आणखी वर केला.

नदीकाठच्या हिरवळीवर सेक्रेटरी विलासराव शवासनात पडले होते. हिरवळ त्यांनी स्वतः लावून घेतलेली, शेजारी 'पाय ठेवू नये' अशी पाटी. कानाशी कुणी श्वास घेतंय, हे योगाचंच फळ असावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"कोणी सोडलं यांना आत?"

"बी सातशे चार," नरहरी लांबूनच ओरडला. "नोंद हाय सर!"

"माझी शेवंती! हाकला त्यांना!"

"काका, नका हाकलू, त्या पळतात," जुईली काकुळतीने म्हणाली. विलासरावांनी हाकललंच. मेंढ्या सगळीकडे पांगल्या. दोन झोपाळ्याखाली गेल्या, एक जिमच्या काचेत स्वतःला बघत उभी राहिली.

एवढ्यात लिफ्टमधून उलटा टीशर्ट घातलेला मनीष धावत आला. कडेवर अनू लालबुंद. "जुई, दीडशे पाहुणे कोण आलेत? दूध दिलं, गाणं म्हटलं, पंखा दाखवला, ही थांबतच नाहीये!"

जुईलीने घड्याळ पाहिलं. आठ वीस. चाळीस मिनिटं आधीच संपली सुट्टी. तिने हात पुढे केले, पण कळपामागून पोचलेली बानूबाई मधे आली. तिने अनूला उचललं, पदरात गुंडाळलं, पाठीवर दोन थापट्या दिल्या आणि चालायला लागली. अनूने एक हुंदका दिला, बानूबाईच्या नथीकडे पाहिलं आणि गप्प झाली.

"हे कसं केलंत?" मनीषने विचारलं.

"काय केलं? चालतीया नुसती. तुमी उभं ऱ्हाऊन हलवीत असाल."

ते खरं होतं.

"तू म्होरं हो," बानूबाई जुईलीला म्हणाली. "तुज्या मागं कोकराची आई यील, तिच्या मागं समद्या."

मग नदीकाठच्या ट्रॅकवरून मिरवणूक निघाली. पुढे जुईली, खुर्चीत कोकरू, मागे मेंढ्या, त्यांच्यात झोपलेल्या अनूला घेऊन बानूबाई, आणि म्हसूने हातात दिलेली काठी तलवारीसारखी धरून मनीष. विलासराव स्वतः मागचं गेट उघडून उभे होते.

पुलाजवळच्या शेतात जुईलीने पट्टा सोडला. कोकरू आईखाली शिरलं. बानूबाईने बाभळीला झोळी बांधून अनूला तिच्यात ठेवलं. "तासभर न्हाई उठायची. जा, फिरून ये."

जुईलीने मनीषकडे पाहिलं. तो एका मेंढीशी डावीकडे वळण्यावरून वाद घालत होता. "जा की," तो म्हणाला. "मी आहे ना."

ती निघाली. नदी चमकत होती, रस्ता मोकळा होता. दहा पायडलांनंतर तिने मागे पाहिलं. मग पाच पायडलांनंतर. वळणावर झोळी दिसेनाशी झाली आणि तिचे पाय आपोआप थांबले. अनू उठली असेल. नक्की उठली असेल. ती वळली आणि घामाघूम होऊन परत आली.

अनू गाढ झोपली होती. मनीष तिच्या येण्याने किंचित हिरमुसला. त्याची मेंढी आत्ता कुठे वळत होती.

"इतक्यात?" तो म्हणाला.

बानूबाईने पुढे पोचलेल्या बिऱ्हाडाच्या चुलीतली काटकी सारली. कळपाकडे हनुवटीने दाखवलं. कोकराची आई चार पावलं चरायला गेली होती, थांबून मागे बघत होती.

"पयल्या दिशी तीबी एवढीच जाती," बानूबाई म्हणाली. "मग परत जाती. थोडी लांब."

जुईलीने सायकल वळवली. या खेपेला तिने वळणापर्यंत एकदाच मागे पाहिलं.