शरूची गाणी आणि सहा कोरियन पोरं

आमच्या वरच्या मजल्यावरची शरू माणसाचं तोंड बघून त्याला गाणं देते. वैद्य जसा जीभ बघून पुडी बांधतो, तसं.

"काकू, थांबा," असं म्हणून ती मला जिन्यातच अडवते. माझ्या एका हातात बँकेची पर्स, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्या. ती डोळे बारीक करून बघते. "आज बँकेत कुणाशी तरी वाजलेलं दिसतंय. तुम्हाला सनई चालणार नाय. तुम्हाला वाळवंटातली गिटार पाहिजे. कान मोकळे करा."

"कान मोकळे करा" हे तिचं पालुपद. पदर सारायचा, केस मागं घ्यायचे आणि तिची ती इवलीशी यंत्रं कानात घालून घ्यायची. मग आफ्रिकेतला कुणी एक माणूस रेतीत बसून गिटार वाजवतो आणि मी चिकलठाण्यातल्या एका जिन्यात मेथी धरून ते ऐकते. गंमत म्हणजे, बरं वाटतं.

शरू, म्हणजे शर्वरी, अकरावीला आहे. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. गाण्याच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नाही. गणपतीत सोसायटीच्या अध्यक्षांनी डोळे मिटून एक गाणं म्हटलं आणि कौतुकानं विचारलं, "कसं झालं गं?" शरू म्हणाली, "काका, माइक लई चांगला होता." तेव्हापासून अध्यक्ष तिच्यासमोर गुणगुणतसुद्धा नाहीत.

तळमजल्यावरच्या शेखचाचांची बेकरी आहे. तिनं त्यांना एकदा सॅक्सोफोन ऐकवला. चाचांनी पूर्ण ऐकला, मग काळजीनं विचारलं, "बेटी, ये बजानेवाले को दमा है क्या?" शरू इतकी हसली की पायरीवर बसली. पण चाचांनीही मग तिला त्यांच्या जवानीतल्या कव्वाल्या दिल्या. आता ती दुपारी कव्वाली ऐकते, संध्याकाळी जालन्याकडच्या पोरांचं मराठी रॅप, आणि अभ्यासाला बसताना सारंगी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "आज पाणी येणार आहे का?" असं विचारलं, की खाली शरूचं एक गाणं येऊन पडतं: "पाणी नाय येत. तोवर हे ऐका." आणि लोक ऐकतात, कारण पाणी खरंच येत नाही.

पण ही शरू नवी आहे. जुनी शरू ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी काहीच पाहिलं नाही.

जुन्या शरूच्या आयुष्यात फक्त सहा माणसं होती, आणि ती सहाही कोरियात राहत होती. गोरी, नाजूक, चेहऱ्यावर एक मुरूम नसलेली पोरं. त्यांचा बँड होता. बँडचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, पण त्यातला जून नावाचा पोरगा शरूचा विशेष होता, एवढं सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. खोलीच्या चारी भिंतींवर ती सहा जणं. छतावर जून. ती आम्हाला कोरियनमध्ये नमस्कार करायची आणि आम्हीही वाकून करावा अशी तिची अपेक्षा असायची. माझ्या कंबरेला ते झेपलं नाही.

जूनच्या वाढदिवसाला तिनं मैत्रिणींना घेऊन गेटवर चक्क फ्लेक्स लावला. आपल्या शहरात फ्लेक्सवर वाढदिवस कुणाचा असतो ते सांगायला नको. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. करमाडहून आलेले शरूचे चुलते गाडीवरून उतरले, फ्लेक्सकडं बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "वहिनी, पोरगं नाकीडोळी बरं आहे. कोणत्या वॉर्डातून उभं राहायलंय?"

या सगळ्यात खरी परीक्षा असायची ती शरूच्या वडलांची. दिगंबरराव इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. कायम दुसरी पाळी. पोरगी कॉलेजातून येते तेव्हा हे कारखान्यात. हे येतात तेव्हा पोरगी झोपलेली. माणूस मुळातच अबोल. रविवारी करमाडच्या शेतात जायचं, तिथंही बोलायचं ते बैलाशी. असा माणूस त्या सहा पोरांची नावं पाठ करायला बसला. केसांच्या रंगावरून त्यांनी ओळख पक्की केली: निळा तो अमुक, गुलाबी तो तमुक. आणि पुढच्याच महिन्यात सहाही जणांनी रंग बदलले. दिगंबरराव हताश होऊन मला म्हणाले, "वहिनी, ही पोरं काय बारा महिने रंगपंचमी खेळत्यात का?" पण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाठ केलं.

मग मागच्या दिवाळीच्या साफसफाईत शरूनं सगळी पोस्टरं काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. मी फराळाचं ताट द्यायला गेले तर जून गुंडाळी होऊन दारामागं उभा.

"अगं, हे काय? भांडण झालं का?"

"नाय काकू. भांडण कशाचं? चांगली पोरं आहेत." ती स्टुलावरून खाली उतरली. "पण आता कसं, शाळेचा युनिफॉर्म घातल्यासारखं वाटतं. घट्ट होतं. माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू गद्दार आहेस. दोघी तर बोलतच नायत."

"मग?"

"मग काय? मला एवढी नवी गाणी सापडलीत, आणि ऐकवायला कुणीच नाय." एवढं बोलून तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "काकू, जरा कान मोकळे करा बरं."

तिचा पहिला रोगी मीच.

जानेवारीत शरूचा वाढदिवस येतो. यंदा दिगंबररावांनी करमाडला शेतावर हुरडा ठेवला. बिल्डिंगीतली आम्ही मोजकी मंडळी गेलो. आमचे हे, मी, शेखचाचा आणि चाची. ऊन कोवळं, ज्वारी कमरेच्या वर. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली जात होती, शरूची आई ती तळहातावर चोळून वाढत होती, आणि शेंगदाण्याच्या चटणीनं चाचांचे डोळे पाणावले होते.

खाणं झालं, आणि अघटित घडलं. दिगंबरराव उठून उभे राहिले.

"शरूच्या वाढदिवसाला," ते म्हणाले आणि थांबले. घसा खाकरला. "मी एक गाणं बसवलंय. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता."

आणि ते कोरियन गाऊ लागले.

त्या सहा पोरांचं गाणं होतं. चाल मी ओळखली, कारण पूर्वी ती माझ्या छतातून रोज गळायची. हात दोन्ही बाजूंना ताठ, नजर समोरच्या बाभळीवर, आणि करमाडच्या गळ्यातून कोरियन शब्द. त्यात एक "सारंगे" असा शब्द सारखा येत होता. त्यांच्या भाषेत प्रेमाचा शब्द आहे म्हणे. शेखचाचा इकडंतिकडं बघून कुजबुजले, "सारंगी? किधर है सारंगी?"

मला हसू आलं नाही. शरूच्या आईच्या हातातलं कणीस तसंच राहिलं होतं. त्या पोरांचा विषय संपून दोन-अडीच महिने झाले होते आणि घरातल्या एका माणसाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. भिंती उघड्या दिसल्या तेव्हा दिगंबररावांना वाटलं होतं, पोरीला खोलीला नवा रंग द्यायचाय.

आई पुटपुटली, "अहो, तिला आता ते..." शरूनं तिचा हात दाबला. मी शरूकडं पाहिलं. अध्यक्षांना न सोडणारी पोरगी. सूर सगळे चुकत होते, ताल तर केव्हाच जालन्याकडं निघून गेला होता. आणि मधेच दिगंबररावांचे शब्द संपले. ते तसेच उभे राहिले, ओठ नुसते हलत होते.

शरू उठली. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पुढची ओळ म्हणाली. मग दोघांनी मिळून गाणं पुरं केलं, हातवाऱ्यांसकट. चाचांनी टाळ्या वाजवल्या. दिगंबररावांचा चेहरा असा फुलला होता की मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

दिवस कलताना निघालो. आमचे हे आणि चाचा-चाची चाचांच्या गाडीत, मी दिगंबररावांच्या. शरू पुढं बापाशेजारी, मी आणि तिची आई मागं. दिगंबरराव खुशीत होते. "पुढच्या साली," ते म्हणाले, "जूनचं एकट्याचं हाय ना ते, ते बसवतो."

शरू बाहेर बघत राहिली. शेंद्र्याच्या कारखान्यांचे दिवे लागत होते.

"पप्पा, मी त्यांचं ऐकत नाय आता."

"आं?"

"दिवाळीपासून. सोडलं मी ते." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांना सांगितलं, शेखचाचांना पण. तुम्हाला कधी सांगू? तुम्ही येता तेव्हा मी झोपलेली असते. आणि तुम्हाला त्यांची एवढी नावं पाठ झाली होती..."

एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. शरूच्या आईनं माझा हात धरला.

"मग आता काय ऐकती?" दिगंबररावांनी विचारलं.

शरूनं मोबाइल काढला. मला वाटलं, आता येईल कव्वाली, नाहीतर आफ्रिका. पण ती नुसतं बोट फिरवत राहिली. एक गाणं लावलं, लगेच बंद केलं. दुसरं लावलं, तेही बंद केलं. सगळ्या बिल्डिंगला तोंड बघून गाणं देणारी पोरगी बापाच्या तोंडाकडं बघत होती आणि तिला काही सुचत नव्हतं.

शेवटी तिनं एक सारंगी लावली. शब्द नव्हते त्यात. दिगंबररावांनी गाडीचा वेग कमी केला, खिडकीची काच वर घेतली. विमानतळ मागं पडला, आमचं वळण आलं, तरी ते वळले नाहीत, सरळ पुढं गेले. सारंगी संपली.

शरूचं बोट मोबाइलवर तसंच होतं.

"परत लाव," ते म्हणाले.