बारक्याचा घास

मुरारी उतेकरांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट केला आणि ते दात घासायला अंगणात निघाले.

उतेकरांकडे मोटारसायकल नव्हती आणि ती चालवताही येत नव्हती. हेल्मेट मुंबईच्या मुलाचं, किशोरचं. शिमग्याला आला तेव्हा विसरून गेलेला.

"अवो, दात घासताना तरी काढा ते," आवडीबाई चुलीपासून ओरडल्या. "लोकं हसतात."

"हसू देत. त्यांच्या टाळक्यात चोच बसली की कळेल."

महाडच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात उतेकरांचा जन्म गेला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. निवृत्तीनंतर पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीकाठच्या आपल्या वाडीत निवांत वाचत पडायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. वैशाखात बांधावरच्या फणसाखाली कावळ्याचं पिल्लू सापडलं आणि ती मातीला मिळाली.

पिल्लू पाचोळ्यात बसून आ वासत होतं. आपण काही केलं नाही तर मांजर नेईल, असं उतेकरांना वाटलं. आपल्याला काही जमेल, असं मात्र वाटत नव्हतं. तरी त्यांनी ते उचललं, टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि महाडच्या एका पक्षीमित्राला फोन लावला.

"काका, पंख तुटलाय का?"

"नाही."

"पायाला लागलंय?"

"तसं दिसत नाही."

"मग ते पडलं नव्हतं हो, उडायला शिकत होतं. आईबाप वर बसून बघत असणार. तुम्ही पळवून आणलंत."

पळवून आणलंत! वाचनालयाची पेन्सिलसुद्धा कधी खिशातून घरी न आणलेल्या माणसाला हा शब्द फार लागला. त्यांनी लगेच शिडी काढली, हेल्मेट घातलं आणि वरून होणारा चोचींचा मारा सोसत पिल्लू फांदीवर ठेवलं. खाली उतरून ओटीवर टेकतात, तोच पिल्लू धडपडत त्यांच्या मागोमाग हजर. चोच उघडी.

तेव्हापासून कावळे त्यांना सोडीनात आणि बारक्याही सोडीना. पिल्लाचं बारक्या हे नाव आवडीबाईंनी ठेवलेलं. तो उडायला शिकला, पण आपल्या चोचीनं खाणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. दहीभाताचा गोळा समोर धरायचा, तो नुसता आ वासून बघत राहायचा. शेवटी वैतागून "घे एकदाचं!" म्हटलं, की मगच चोच मारायचा. दिवसभर हेच.

आणि अशातच पलीकडच्या घरातली प्रयागकाकी गेली.

काकीचा मुलगा हैबती हा मुरारींचा चुलतभाऊ. त्या बांधावरच्या फणसावरून दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते. दोघंही म्हणायचे झाड माझं, पण फळं काढायचा हैबती. काकी मात्र हैबती शेतावर गेला की पदराखाली गरे घेऊन यायची. "खा रे मुरारी, त्याला नको सांगू." साठी उलटली तरी मुरारींनी ते गरे लहान मुलासारखे चोरून खाल्ले होते. काकीचा दहावा चुकवणं शक्यच नव्हतं.

"पण कावळे?" त्यांनी बायकोला विचारलं. "तिथं माझ्यावर तुटून पडले तर?"

"छत्री घ्या. हेल्मेट घालून गेलात तर मी माहेरी जाईन. बारक्याला मी कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवते."

नदीवर भाऊबंदांची डोकी झाली. केस गेल्यावर मुरारी आणि हैबती जुळ्या भावांसारखे दिसू लागले. भटजींनी पिंड मांडले. करंजाच्या झाडावर कावळे गच्च बसले होते, पण एकही खाली येईना. नुसतीच काव काव.

"आये, नातवाचं लगीन धूमधडाक्यात लावतो," हैबती हात जोडून म्हणाला.

काव काव.

"काकी, देवळाच्या कामाला मी हाय," भावकीतला भागोजी म्हणाला.

काव काव. ऊन चढलं. मुंबईहून आलेली मंडळी घड्याळं बघू लागली. "म्हातारीचं काय तरी अडकलंय," कुणीतरी कुजबुजलं. हैबतीचा चेहरा उतरला. आपली आई असमाधानी गेली, हे अख्ख्या भावकीसमोर ठरत होतं.

तेवढ्यात मुरारींच्या लक्षात आलं, की सगळे कावळे पिंडाकडे बघतच नाहीत. ते मुरारींकडे बघताहेत. आपला वैरी पिंडाजवळ उभा असताना ते उतरतील कसे? आपल्यामुळे काकी उपाशी! छत्री मिटून ते हळूच मागे सरकले.

"निघालास?" हैबती कित्येक वर्षांनी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला. "आयेसाठी एवढी कळ पन नाय काढवत?"

"नाही रे, ते कावळे..." मुरारी पुटपुटले.

"कावळ्यांची काळजी तू नको करू. उभा रहा गप!"

ते उभे राहिले. भटजींनी नाइलाजानं दर्भाचा कावळा करायला घेतला. हैबतीनं डोळ्यांना उपरणं लावलं. आणि वाडीच्या दिशेकडून ओळखीची काव ऐकू आली.

बारक्या! हा डालग्याखालून सुटला कसा? बारक्या लोकांच्या डोक्यावरून आला, बेधडक पिंडाशी उतरला. त्यानं भाताच्या गोळ्याकडे बघितलं, मग मान वळवून मुरारींकडे बघितलं आणि आ वासला.

सगळ्यांच्या माना मुरारींकडे वळल्या.

"मुरारीला काय तरी सांगतेय म्हातारी," भागोजी म्हणाला.

"मुरारी, अरे आये तुझ्याकडं बघतेय! बोल काय तरी!" हैबती म्हणाला.

बोलायचं काय ते मुरारींना पाठ होतं. पण दहाव्याला, भावकीसमोर, काकीच्या पिंडासमोर ते शब्द म्हणायचे? बारक्या आ वासून उभाच.

"समजलो, आये!" हैबती एकाएकी हुंदका देऊन म्हणाला. "मना ठाव हाय तू त्याला चोरून गरे द्यायचीस. फणस मुरारीला दिला! सगळ्यांसमोर दिला!"

बारक्या हलला नाही. हैबती केविलवाण्या नजरेनं मुरारींकडे बघू लागला. तो चेहरा मुरारींना बघवेना. ते वाकले आणि कळवळून म्हणाले, "घे एकदाचं!"

बारक्यानं चोच मारली.

माणसं रडली. हैबतीनं मुरारींना मिठी मारली. "कसा माया लावून बोललास रे!" मुरारींनी खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण हैबती मिठी सोडीना. बारक्या तोवर दुसऱ्या पिंडाशी आ वासून उभा होता.

"सोडलंस कशाला त्याला?" घरी येताच त्यांनी आवडीबाईंना विचारलं.

"भुकेनं वरडत व्हता. तुमची वेळ झाली व्हती ना भरवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी हेल्मेट घालून दात घासत होते. बांधापलीकडून हाक आली, "मुरारी! ए मुरारी!"

हैबती तुळतुळीत डोकं दोन्ही हातांनी धरून उभा होता. वर कावळे घिरट्या घालत होते.

"काय रे?"

"काय काय? हे तुझे कावळे कालपासून माझ्या टाळक्यात चोची मारतायत! बाहेर पाय ठेवायची सोय नाय!"

"माझे कावळे?"

"मग कोणाचे? झाड तुझं, घरटी तुझी, कावळे पन तुझेच. वाटणीत असलंच असतं. बंदोबस्त कर त्यांचा, सांगून ठेवतो!"

मुरारींनी त्या डोक्याकडे बघितलं आणि स्वतःचं डोकं आठवलं. कावळ्यांची तरी काय चूक? त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि बांधावरून पुढे केलं.

"घे एकदाचं," ते म्हणाले.

हैबती हात पुढे करणार, तोच फणसावरून बारक्या झेपावला आणि त्या हेल्मेटवर आ वासून बसला.