रिकाम्या रुमालाची चौकशी

एका जंगलात, बाळांनो, शेकरांची वसाहत होती. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती पार झाडाच्या शेंड्याला घरटं बांधते. तुम्ही पाहिली नसेल, कारण तुमची मान कधी वर होत नाही. असो.

प्रत्येक घरट्याला एक गोल दार, दाराबाहेर एक खुंटी आणि आत एक चूल. वसाहतीत वानवळ्याची फार जुनी पद्धत. काही चांगलंचुंगलं केलं की रुमालात बांधायचं आणि शेजारच्या खुंटीला अडकवायचं. रुमालाच्या काठाला विणलेल्या गाठी असत, त्या खुंटीच्या खाचांत बरोबर बसत. कधी रुमालात खाऊ असे, तर कधी नुसती कृती लिहिलेलं पान. खुंटीला अडकलं ते घरात घ्यायचं आणि पानावर असेल ते मुकाट्याने रांधायचं. कोणी पाठवलं असं विचारायचं नाही. विचारलं तर वाईट दिसतं.

आणि वाईट दिसण्याला ती वसाहत बिबट्यापेक्षा जास्त भीत असे.

एके दिवशी गिरजाबाई नावाच्या एका प्रेमळ शेकराच्या खुंटीला एक पुरचुंडी येऊन अडकली. तिला ना हात, ना पाय, ना पोट. एक रुमाल आणि आत एक पान, बस्स. कोणाच्या तरी शिंकेबरोबर उडत आली होती. शहाणी माणसं अशा पुरचुंडीला विषाणू म्हणतात. ती जिवंत म्हणायची की मेलेली, यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे. तुमचं नको. सरळ बसा.

गिरजाबाईंनी पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, "असाच रुमाल विणा. आत असंच पान घाला. अशा शंभर करा. तोवर दुसरं काही रांधू नका."

"यात मीठ कधी घालायचं?" गिरजाबाई पुटपुटल्या. पण पानाखाली कोणाचं नावच नव्हतं. म्हणजे कोणीतरी मोठं असणार, असं धरून त्या कामाला लागल्या.

सूत संपलं तेव्हा त्यांनी अंथरूण उसवलं. पानं संपली तेव्हा घरट्याच्या भिंतीतली ओढून काढली. शंभरावी पुरचुंडी बांधून झाली आणि घरटं टराटरा फाटलं. पुरचुंड्या वाऱ्यावर गेल्या आणि गिरजाबाई खाली. पडता पडता त्या ओरडल्या, "सगुणे, चूल विझव गं. दार लाव." जीव वाचला, पण कंबर कामातून गेली.

सगुणा शेजारच्याच झाडावर राहायची. तिला तीन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. घरटं फाटलं असतं तर तिघंही चाळीस हात खाली गेली असती. कोणाचंच पान रांधायला नको म्हणून तिने तडक चूल विझवली आणि दाराला फळी लावली. चूल बंद म्हणजे पोटाचे हाल. कच्च्या बिया चावून तिचे जबडे दुखले. ती घाबरली होती, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो.

दोन दिवसांत अकरा घरटी खाली आली. तिसऱ्या दिवशी आबाजी सगुणेच्या दारात आले. आबाजी म्हणजे वसाहतीतलं सगळ्यात मानाचं शेकरू. हातात ताजी पुरचुंडी.

"सगुणे, दार उघड. वानवळा आणलाय."

"आबा, बाहेरच ठेवा."

"बाहेर? आपल्याकडे असं आजवर कोणी केलेलं नाही."

"आजवर अशी घरटीही पडली नव्हती, आबा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझी तिघं आत्ताच झोपलीत."

आबाजी पाय आपटत गेले. संध्याकाळपर्यंत सगुणा आखडू, शिष्ट आणि शेकरूघाणी ठरली. शेवटचा शब्द मुद्दाम तिच्यासाठी तयार करण्यात आला.

चौथ्या दिवशी झाडाखाली खवले वैद्य आले. ते खवल्या मांजर होते, राहायचे बिळात, पण नजर बारीक. चिखलात पडलेली एक पुरचुंडी त्यांना सापडली होती. आतलं पान त्यांनी जाळून टाकलं होतं आणि नुसता रिकामा रुमाल आणला होता.

"काठ बघा," ते म्हणाले. "तुमच्या रुमालाला पाच गाठी, याला सहा. सहावी उलट्या हाताची आहे. पंजा फिरवून ओळख करून घ्या. असा रुमाल दिसला की गाठींवर डिंक फासा. गाठी बुजल्या की तो खुंटीत बसत नाही, आणि बसला नाही की घरात येत नाही. ओळख करून घेताना एक दिवस पंजा दुखेल, अंग कसकसेल. तेवढंच."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी सगळी वसाहत एकदम चौकस झाली. रुमाल विणला कोणी? आधी कोणाला दाखवला? पंजाला खाज सुटली तर? शेपटीचे केस गळतात असं पलीकडच्या डोंगरावर म्हणतात, ते खरं का? वैद्यबुवांचा यात काय फायदा?

भरलेली पुरचुंडी चार दिवस हीच मंडळी हसत घरात घेत होती. रिकाम्या रुमालाला मात्र सतरा प्रश्न. वैद्यबुवांनी सोळा उत्तरं दिली. सतरावा प्रश्न विचारायला आबाजी उभे राहिले, घसा खाकरला, तेवढ्यात वर पानं ओढून ओढून पोखरलेलं त्यांचंच घरटं फाटलं. प्रश्न अर्धाच राहिला.

सगुणा गुपचूप खाली उतरली. प्रत्येक गाठीवरून तिने दोनदा पंजा फिरवला.

"दुखतंय का?" कोणीतरी विचारलं.

"दुखतंय. पुढचा कोण?"

दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी एक पुरचुंडी तरंगत आलीच. सगुणेने सहावी गाठ ओळखली आणि डिंकाचा बोळा फासला. पुरचुंडी खुंटीवर आदळली, घसरली आणि खाली गेली. आत पिल्लं झोपलेलीच होती. हे बघून मग बाकीचेही रांगेत आले. घर मिळेना तशा पुरचुंड्या जमिनीवर पडून कुजल्या. त्यांना हात नव्हते, हे मी सांगितलंच आहे.

महिन्याभराने मोठी सभा भरली. वसाहतीची रीत शेवटपर्यंत सांभाळल्याबद्दल आबाजींना शाल देण्यात आली. त्यांच्या फाटक्या घरट्याचा तुकडा सभेत सगळ्यांना दिसेल असा टांगला होता. कित्येकांचे डोळे भरून आले. खवले वैद्यांना बोलवायचं राहून गेलं.

मग कोणीतरी सगुणेच्या घरट्याकडे बोट दाखवलं. "बघा, हिच्या भिंतीला साधा ओरखडा नाही. काही झालंच नाही हिला. मग चूल कशाला विझवली एवढी? बाई जरा घाबरटच आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

डोळे उघडलेली पिल्लं सगुणेच्या शेपटीवरून घसरगुंडी खेळत होती. तिने ती पुन्हा एकदा मोजली. तीन होती.

तात्पर्य: संकट पूर्ण टाळण्याचा आगाऊपणा करू नये. टाळलेलं संकट कोणाला दिसत नाही. शाल हवी असेल तर निदान एक भिंत पडू द्यावी.