कुलथेसाहेबांचं लेबल

कुलथेसाहेबांच्या हातात बाटली आली की ती आधी उलटी होते. सॉस असो, सरबत असो. चष्मा कपाळावर चढतो, मागचं लेबल नाकाला टेकतं, आणि बारीक अक्षरांत प्रिझर्व्हेटिव्ह २२० किंवा २२४ दिसलं की निकाल एका शब्दात लागतो, "रिजेक्ट!"

हा शब्द मी बावीस वर्षं ऐकला. एका जुन्या लेथवर उभं केलेलं माझं भोसरीतलं वर्कशॉप, आणि चाकणच्या कंपनीत माल तपासायला हे. भाव करण्यात मी कुणाला ऐकत नाही, पण त्यांच्या मायक्रोमीटरपुढं माझं तोंड कधी चाललं नाही. "केसभर जाड आहे, शेठ. न्या परत." मी गेटवर थयथयाट करायचो. भांडून दमलो की ते डबा उघडून मूठभर बेदाणे पुढं करायचे. आता कंपनीत मशीनच माल तपासतं. त्याच्याशी काय भांडणार?

त्यांच्या निवृत्तीच्या जेवणात मी हौसेनं वाइनची बाटली दिली. त्यांनी सगळ्यांसमोर ती उलटी केली.

"२२०! सल्फाइट, म्हणजे गंधकच! यानं श्वास कोंडतो, शेठ. रिजेक्ट!"

सगळे हसले. मी बाटली घेऊन घरी आलो. ते हसणं मला वर्षभर सलत होतं.

परवा तासगावचा एक बेदाणेवाला भेटला. म्हणाला, "पिवळेधमक राहावेत म्हणून गंधकाची धुरी देतो आम्ही. वाइनमध्ये असतं त्याच्या कितीतरी पट जास्त."

सापडला! तीच बाटली घेऊन मी थेट थेरगावला साहेबांचं घर गाठलं.

"साहेब, बावीस वर्षं मुठीमुठीनं गंधक खाल्लंत! कुठं कोंडला श्वास?"

"माझा कशाला कोंडेल?" ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर कंपनीत खायचो. घरी कधी आणले नाहीत."

"म्हणजे?"

"हिला दमा होता ना. माझ्या प्रमोशनला वाइन आणली होती. दोन घोट घेतले आणि तिला श्वासच घेता येईना. रिक्षात घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना नाही होत, हिला होतं. तेव्हापासून वाचल्याशिवाय घरात काही येत नाही."

वहिनींना जाऊन चार वर्षं झालीत. निवृत्तीच्या जेवणालाही त्या नव्हत्या.

"पण साहेब, आता तर..." मी बाटली पुढं सरकवली. त्यांनी ती उलटी केली, लेबल पुन्हा सगळं वाचलं आणि माझ्या हातात दिली.

"घरात नको, शेठ."

ते चहा टाकायला उठले. फळीवर साखरेच्या डब्याशेजारी वहिनींचा दम्याचा पंप होता. त्यांनी तो उचलून उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला.

"याचीही पुढच्या महिन्यात तारीख संपतेय," ते म्हणाले. "पुन्हा नवा आणायला हवा."

मी खाली जाऊन बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून आलो आणि मग चहाला बसलो.