सभ्यपणाच्या कोट्यातून युरोप

हेलेविकच्या फुटबॉल संघाला युरोपात नेण्याची जबाबदारी मी एकट्याने उचलली होती, आणि ती पार पडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका बोर्गहिल्डला होती. पण ती माझी बायको. तिला माझ्याबद्दल गेली छत्तीस वर्षं शंकाच आहे.

आता युरोपात जायचे सरळ रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. नॉर्वेची लीग जिंका, नाहीतर दुसरे-तिसरे या, नाहीतर चषक जिंका. आम्ही लीगमध्ये तळाला चिकटलेलो, जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटतात तसे. चषकात दुसऱ्याच फेरीत ज्यांनी आम्हाला घरी पाठवलं, त्यांचा गोलरक्षक आठवडाभर टपाल वाटत फिरणारा मनुष्य होता. म्हणजे सरळ रस्ते बंद. पण मी क्लबचा चिटणीस. कुणी वाचत नाही ते कागद वाचणं हे माझं काम. आणि एका कागदात मला आडरस्ता सापडला.

त्या काळी युरोपच्या फुटबॉल संघटनेचा एक नियम होता. ज्या देशांत सगळ्यात सभ्यपणे खेळ होतो, अशा पहिल्या तीन देशांना एकेक जादा जागा मिळे, आणि ती जागा त्या देशातल्या सगळ्यात सभ्य संघाला जाई. नॉर्वे त्या तिघांत बसणार अशी चिन्हं होती. दर सामन्याला एक निरीक्षक यायचा आणि तक्ता भरायचा. कार्डं किती, प्रतिस्पर्ध्याशी वागणूक कशी, पंचांशी कशी, क्लबच्या पदाधिकाऱ्यांची कशी, प्रेक्षकांची कशी. गोल किती झाले, हा रकाना त्यात नव्हताच.

मी तो कागद घेऊन धावतच मासळी केंद्रात गेलो. टोर्गिल्स तिथे कॉड कापत होता. टोर्गिल्स म्हणजे आमचा कप्तान. वय अडतीस, अठरा वर्षं बचावफळीत उभा, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, हे वर्ष शेवटचं. त्याची जन्मात एकच इच्छा होती. युरोपातला एक सामना खेळायचा. कुठलाही देश चालेल, म्हणायचा, फक्त तिथे कॉड मिळता कामा नये.

त्याने कागद दोनदा वाचला. हात पुसले. तिसऱ्यांदा वाचला.

"म्हणजे न जिंकता, आयलर्टकाका?"

"न जिंकता."

"हरलो तरी?"

"हसत हरलो तर."

"हरायचं आपल्याला येतंच," टोर्गिल्स म्हणाला. "हसायचं तेवढं शिकायला लागेल."

अडचण एवढीच, की टोर्गिल्सकडे फुटबॉलची एकच कला होती. तो पायातला चेंडू काढायचा, आणि चेंडूबरोबर जे जे असेल ते सगळं काढायचा. बूट, मोजे, मनुष्य. आधीच्या वर्षी त्याला मिळालेली पिवळी कार्डं एकापुढे एक मांडली असती तर आमच्या बंदरावरून समोरच्या तीरावर चालत जाता आलं असतं.

पण मी कशाला होतो? आमचे पाद्री फियॉर्डच्या खाडीपलीकडून होडीने येतात. समुद्र खवळला की येत नाहीत, आणि आमच्याकडे समुद्राला खवळायला कारण लागत नाही. मग त्या रविवारी प्रवचन मी सांगतो. नुसतं सांगत नाही. चार वाक्यं बोलायची, एक भजन गायचं, पुन्हा चार वाक्यं. देवाने मला बुद्धी बेताची दिली, पण आवाज असा दिला की खिडक्यांच्या काचा साथ देतात. गाऊन सांगितलेला शब्द माणसाच्या आत उतरतो, अशी माझी श्रद्धा आहे. तो इतका खोल उतरेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पहिल्या प्रवचनाला मी बायबलातलं वचन घेतलं, जो तुझा सदरा मागेल त्याला डगलाही दे. सगळा संघ पुढच्या बाकांवर बसलेला. आमचा आघाडीचा खेळाडू हाल्वदान, धंद्याने सुतार, तो तर डोळे पुसत होता. मी तृप्त होऊन घरी आलो.

पुढच्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याने हाल्वदानचा सदरा मागून ओढला. हाल्वदान थांबला. वळला. त्याला वचन आठवलं. त्याने सदरा अंगातून काढला, नीट घडी केली आणि समोरच्याच्या हातावर ठेवला. डगला नव्हता, म्हणून आतला बनियनही दिला.

पंचांनी पिवळं कार्ड काढलं. मैदानात सदरा काढणं नियमात बसत नाही.

"अरे, पण मी दान केलं," हाल्वदान म्हणाला.

"ते रविवारी कर," पंच म्हणाले.

आमचा प्रशिक्षक इंगवाल्ड हा पापभीरू गृहस्थ, पण त्या दिवशी तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता त्या नजरेची प्रार्थनाघरात सवय नसते. "आयलर्ट," तो म्हणाला, "तुझा धर्म चांगला आहे. फक्त फुटबॉलचे नियम वाचून सांगत जा."

मग मी प्रेक्षकांकडे वळलो. मैदानावर यायचे हजारभर लोक, अर्धे आमच्या गावचे, अर्धे आसपासच्या बेटांवरचे. त्यांना सांगितलं, आदर म्हणजे काय? आपण प्रार्थनेला बसतो तसं बसणं. आमचे लोक इतके गुणी, की पुढच्या सामन्याला खोकलासुद्धा कुणी मोठ्याने खोकला नाही. आम्ही गोल खाल्ला, शांतता. आम्ही चुकून गोल केला, तरी शांतता. नव्वद मिनिटं समुद्रपक्ष्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि माझी छाती अभिमानाने फुगत होती.

आठवड्याने निरीक्षकाचा तक्ता आला. प्रेक्षकांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: प्रेक्षक आढळले नाहीत.

"बघ," बोर्गहिल्ड म्हणाली. ती मैदानावर वाफेलची, म्हणजे गोड जाळीदार पोळ्यांची, टपरी चालवते, त्यामुळे गावचं मत तिच्याकडे माझ्याआधी पोहोचतं. "लोक विचारताहेत, श्वास घेतलेला चालतो का?"

म्हटलं ठीक आहे. आवाज हवा ना, आवाज देऊ. प्रतिस्पर्ध्याला काही लागलं की सगळ्यांनी उठायचं, टोप्या काढायच्या आणि भजन म्हणायचं. सगळ्यांना तोंडपाठ असं एकच भजन होतं. आम्ही ते मयताला म्हणतो.

त्रोम्सच्या बाजूच्या एका संघाचा पोरगेला खेळाडू घोटा मुरगळून आडवा पडला. डोळे मिटून कण्हत होता. हजार माणसं उठली, टोप्या छातीशी धरल्या, आणि संथ, गंभीर सुरात शेवटच्या प्रवासाचं भजन सुरू झालं. मी खालचा सूर धरला. त्याने एक डोळा उघडला. आमच्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग तो जो उठून पळाला, तो थेट आमच्या गोलपर्यंत, आणि वाटेत चेंडू मिळाला म्हणून गोलही करून आला.

निरीक्षकाने पूर्ण गुण दिले. त्यांच्या संघाच्या डॉक्टरांनी आमचं भजन उतरवून घेतलं.

तर असे आम्ही हरत गेलो आणि चढत गेलो. लीगमध्ये खाली, सभ्यपणात वर. सगळ्यात हाल टोर्गिल्सचे. सवयीने पाय पुढे जाऊ नये म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. समोरून कुणी चेंडू घेऊन आला की लग्नाच्या दारात उभ्या मुलीच्या बापासारखा बाजूला होऊन वाट द्यायचा. इंगवाल्ड टोपी चावायचा. आणि रोज काम संपलं की टोर्गिल्स मासळी केंद्रामागे एकटाच सराव करायचा. कॉडच्या तेलाने काठोकाठ भरलेली बादली ठेवायची, तिच्या पुढ्यात चेंडू, आणि घसरत येऊन चेंडू असा काढायचा की थेंबही सांडू नये. रोज न्हाऊन निघायचा. त्याची बायको म्हणायची, घरात मांजरं मावेनात. त्या वासानेच अर्धे प्रतिस्पर्धी त्याच्यापासून लांब राहत, तेवढाच बचाव.

"जमतंय का रे?" मी एकदा विचारलं.

"अर्धी बादली वाचते आता," तो म्हणाला. "काका, मला तिकडे जायचंय. मी बादलीची पूजा करीन."

नोव्हेंबरात शेवटचा सामना आला. समोर स्टुर्नेसचा संघ. हिशेब असा होता. बरोबरी झाली तर आम्ही वरच्या विभागात टिकणार, हरलो तर खालच्या विभागात जाणार. आणि सभ्यपणाच्या यादीत पहिले आम्ही, दुसरे तेच, मध्ये केसाएवढं अंतर. एक लाल कार्ड, की टोर्गिल्सचा युरोप त्यांच्या खिशात.

स्टुर्नेसवाल्यांनीही तो कागद वाचला होता, हे नाणेफेकीलाच कळलं.

"तुम्ही सांगा छापा की काटा," त्यांचा कप्तान म्हणाला.

"छे, तुम्ही पाहुणे, तुम्ही सांगा," टोर्गिल्स म्हणाला.

"तुम्ही वयाने मोठे."

"तुमचा प्रवास झालेला."

शेवटी पंचांनीच सांगितलं आणि पंचच हरले. त्यानंतर तर काय. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ म्हणत, आमचाच पाय लागला, फेक तुमची. एकदा दोघे जण चेंडू एकमेकांच्या हातात देत इतका वेळ उभे राहिले की पंच म्हणाले, "कुणीतरी फेका रे. मला साडेपाचची होडी गाठायची आहे." एकमेकांना धक्का लागला की दोघेही जमिनीवर बसून माफी मागत. निरीक्षक बिचारा शिसपेन्सिलीला टोक काढून काढून दमला. एकोणनव्वद मिनिटं झाली आणि गोल शून्य-शून्य.

तेवढ्यात त्यांचा आघाडीवाला सुटला. चेंडू पायात, पुढे फक्त आमचा गोलरक्षक, आणि मागून टोर्गिल्स. पाडावं तर लाल कार्ड, युरोप गेला. सोडावं तर गोल, आम्ही बुडालो. गुडघा संपलेला, खेळाच्या आयुष्यातली शेवटची दोन मिनिटं. मी प्रेक्षकांत उभा होतो. मी हात जोडले, डोळे घट्ट मिटले, आणि देवाचा धावा करायला तोंड उघडलं.

तोंडातून आलं ते असं: "टोर्गिल्स, पाड त्याला! तंगडी मोड त्याची!"

आमच्या मैदानामागे डोंगर आहे. डोंगराने झील धरली. तंगडी मोड त्याची. मोड त्याची. त्याची.

मी डोळे उघडले तेव्हा चेंडू वाफेलच्या टपरीत जाऊन पडला होता. त्यांचा आघाडीवाला दोन्ही पायांवर धडधाकट उभा राहून आपल्या पायातला चेंडू कुठे गेला ते शोधत होता. टोर्गिल्स गवतावर आडवा होता. पंचांची शिट्टी वाजली ती सामना संपल्याची. कार्ड नाही, गोल नाही. आम्ही टिकलो होतो. सगळा संघ टोर्गिल्सच्या अंगावर पडला.

निरीक्षक मात्र पायऱ्या चढून आमच्याकडे आला.

"हे कोण ओरडलं?"

वर्षभराच्या प्रवचनांनी गावात खोटं बोलायची सोय ठेवली नव्हती. हजार बोटं माझ्याकडे वळली. त्यांत एक पळी होती, तिच्यातून पीठ ठिबकत होतं.

"माझा नवरा आहे," बोर्गहिल्ड म्हणाली, "पण हो, तोच."

"बाकी कुणी नाही?"

"बाकी सगळे प्रार्थना करत होते," आमच्या बेटांवरचा एक म्हातारा म्हणाला. "म्हणजे, हाही तेच करणार होता."

निरीक्षकाचा चेहरा निवळला. "एवढे प्रामाणिक प्रेक्षक मी पाहिले नाहीत," तो म्हणाला, आणि प्रेक्षकांच्या रकान्यात त्याने माझ्या डोळ्यांदेखत पूर्ण गुण भरले. माझा जीव भांड्यात पडला.

"नशीब हा साधा प्रेक्षक आहे," तो कागद मिटत म्हणाला.

"क्लबचा चिटणीसही आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. काय करणार, खरंच आहे.

निरीक्षकाने कागद पुन्हा उघडला. पदाधिकाऱ्यांच्या रकान्यात त्याने एक शून्य काढलं. छान, गोल, सावकाश.

आम्ही स्टुर्नेसच्या मागे राहिलो तीन शतांशांनी. यादी जाहीर झाली तेव्हा मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी बोर्गहिल्डनेच कोट हातात दिला. "जा. तोंड दाखव त्याला. आवाज इथेच ठेवून जा."

टोर्गिल्स मासळी केंद्रात कॉड कापत होता.  मी टोपी हातात धरून उभा राहिलो.

"काका," तो मान वर न करता म्हणाला, "मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं. रविवारपर्यंत ठरवत होतो. पण मला सारखं तेच आठवतंय." त्याने सुरी खाली ठेवली. ओल्या ओट्यावर दोन बोटांनी मला दाखवलं, तो पोरगा इथून आला, मी असा घसरलो, आणि चेंडू इथून. "अठरा वर्षांत पहिल्यांदा. माणसाला स्पर्श नाही. त्याच्या बुटाची नाडीसुद्धा हलली नाही. थेंब सांडला नसता, काका, बादली असती तर."

त्याचे डोळे असे चमकत होते, जणू काही तो युरोपातून नुकताच परत आला होता.

"तू तर अगदी समोर होतास," तो म्हणाला. "तू पाहिलंस ना?"

वर्षभर सत्यावर प्रवचनं केली होती मी, गाऊन गाऊन.

"पाहिलं तर," मी म्हणालो. "आईशप्पथ, असा चेंडू काढलेला मी जन्मात पाहिला नाही."

यातलं दुसरं वाक्य अक्षरशः खरं आहे. पहिल्याचे गुण कुठे ना कुठे कापले गेलेच असतील, पण त्या वरच्या निरीक्षकाचा तक्ता अजून तरी कुणी मला दाखवलेला नाही.