आपल्या माणसांची फायरवॉल

हंबीर काजू व भात प्रक्रिया उद्योगाच्या तिन्ही ठिकाणच्या फायरवॉल कालबाह्य झाल्या असून त्या तातडीने बदलणे व्यवसायाच्या हिताचे आहे, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. दुमत व्हायला फायरवॉल म्हणजे काय ते आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होते एकट्या संघप्रियाला. इंटरनेटवरून येणाऱ्या चोराचिलटाला दारातच अडवणारा हा डबा. बनवणाऱ्यांनी त्याची देखभाल कधीच सोडली होती, त्यामुळे हा राखणदार आता नुसता दिवे लुकलुकवत बसून असे.

संघप्रिया पुण्याची नोकरी सोडून आईजवळ राहायला कोल्हापूरला आली होती आणि इथल्या संगणक विभागात अजून उमेदवारीवर होती. काजूच्या बड्या गिऱ्हाइकाने अट घातली होती: फायरवॉल बदला, तपासणी करून घ्या, नाहीतर माल नको. जबाबदार अधिकारी म्हणून कागदावर नाव तिचे. काही बिनसले तर नोकरीही तिचीच जाणार होती.

मालक हंबीररावांनी खर्च मंजूर केला. आजऱ्याचा काजू कारखाना आणि कोल्हापूरची कचेरी इथे नवे डबे बसले, नारळ फुटले. गगनबावड्याच्या भाताच्या गोदामात मात्र अडचण आली. जुना डबा मजबूत तापायचा, आणि तिथल्या पावसात कोरडी जागा म्हणाल तर त्याची पाठ. गोदाम सांभाळणाऱ्या पिराजीचे मोजे, काड्यापेटी आणि मीठ तिथे सुखाने नांदत होते.

"म्याडम, नवा डबा बिघडल्याला हाय," पिराजीने फोनवर कळवले.

"कशावरनं?"

"गार पडलाय की! हात लावून बगितलाय."

गार राहणे हाच त्याचा गुण आहे, हे तिने समजावले. पिराजीला ते पटले नाही, पण त्याने मोजे भाताच्या पोत्यांवर हलवले. इथवर सगळे सुरळीत होते.

नव्या फायरवॉलने आल्या दिवसापासून काम सुरू केले, आणि तिथेच तिचे चुकले. पहिला अडला उदयसिंह, मालकांचा पुतण्या आणि खरेदीप्रमुख. कचेरीच्या वेळात तो फुकटात क्रिकेटचे सामने बघत असे. हंबीररावांनी संघप्रियाला बोलावून घेतले.

"म्याडम, ही फायरवॉल भाईरच्यांसाठी हाय का घरच्यांसाठी?"

"सर, त्या फुकटच्या साइटवरनं व्हायरस येतो."

"यील की. म्हणून घरच्या माणसाला दारात हुबं करायचं? सोडा त्याला. लेखी देतो."

त्यांनी खरेच लेखी दिले: 'सदर इसम आपलाच असून चांगला आहे, त्यास अडवू नये.' तिने सूट दिली. एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही म्हणता येईना. आजऱ्याच्या व्यवस्थापकाचा मेहुणा मालकांची तशीच चिठ्ठी घेऊन आला, मेहुण्याचा भागीदार आला, भागीदाराला जमीन दाखवणारा एजंट आला. कोल्हापुरात थोडे खोदले की प्रत्येकजण कुणाचा तरी साडू निघतोच. दिवाळीपर्यंत डब्याला अडवायला कुणी शिल्लक राहिले नाही.

हे हंबीररावांच्याच ध्यानात आले. "एवढं पैसं घातलं, आन एक माणूस अडवल्याला न्हाय! तपासणी तोंडावर आलीया. कुणाला तरी अडवून दावा."

"कुणाला, सर? सगळ्यांकडं तुमची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी न्हाय असं कोण हाय?"

संघप्रियाने शोधून पाहिले. एकच नाव निघाले. ती इथे कुणाचीच कुणी लागत नव्हती. तिने मुकाट्याने स्वतःच्या घरच्या लॅपटॉपला अडवले. डब्यावर लाल दिवा लागला, हंबीरराव खूश झाले. तपासनिसाने तो दिवा पाहिला, चहा घेतला आणि प्रमाणपत्र दिले.

पुढच्याच महिन्यात कुणीतरी आतल्या संगणकात शिरले आणि गिऱ्हाइकाला उद्योगाच्याच नावाने मेल गेला: आमचे बँक खाते बदलले आहे. गिऱ्हाइकाने इमानदारीत नव्या खात्यावर पैसे भरले आणि ते गडप झाले. त्या भामट्याने उदयसिंहाला फोन करून आपण मालकांचे लांबचे भाचे असल्याचे सांगितले होते आणि त्याच्यामार्फत मालकांची चिठ्ठी मिळवली होती.

"पावणं हाय म्हटल्यावर गाव कंचं एवढंच इचारलं," उदयसिंह म्हणाला. "आणि काय कुंडली मागू व्हय?"

त्याच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने डब्यातल्या नोंदी काढून निष्कर्ष दिला: 'चिठ्ठीधारक वगळता सदर यंत्राने स्थापनेपासून आजतागायत एकाच व्यक्तीस धोकादायक ठरवून अडविल्याचे आढळून येते.'

"मला मीच अडवलं होतं!" संघप्रिया ओरडली. "तुम्हीच सांगितलं होतं, सर!"

"त्येच की," हंबीरराव दुःखाने म्हणाले. "म्याडम, तुमचा तुमालाच भरवसा न्हाय. आमी कसा धरायचा?"

तिला त्याच दिवशी कामावरून कमी केले. रडू आले नाही. अंगाची लाहीलाही झाली. घरी आईला काय सांगायचे, हे तिला बसस्टॉपपर्यंत सुचले नाही.

वाचकहो, तुम्ही सहृदय आहात. गुणी पोर होती, वर कुणाशी थोडी ओळख असती तर वाचली असती, असे तुमच्या मनात येऊन गेलेच असेल. हंबीररावांच्या प्रत्येक चिठ्ठीत याहून वेगळे काही नव्हते. तुमचीही मंजूर झाली आहे.