पुढचे दोन्ही गेले!

सायकलचा फोर्क चांगला की वाईट, हे मला विचारा! नुसता हात ठेवून सांगतो!

असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की नवऱ्याची फुशारकी पंख्याच्या घरघरीसारखी होते. चालू असते, पण ऐकू येत नाही.

फोर्क म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. (महिन्यापूर्वी मलाही माहीत नव्हतं. मी तो ताटाशेजारी शोधला असता.) डोंगरात चालवायच्या सायकलला पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड पाय असतात. त्यांच्या आत हवा आणि तेल. दगड आला की पाय आखडतात, दगड गेला की लांब होतात, आणि चालवणाऱ्याचे खांदे जागच्या जागी राहतात. राहावेत, अशी अपेक्षा असते.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचे मोडलेले खांदे हलवते, आणि हल्ली सुटीच्या दिवशी स्वतःचा खांदा मोडून घ्यायची संधी शोधत डोंगरावर जाते. त्यांचा एक ग्रूप आहे. येत्या रविवारी हा ग्रूप एका भल्यामोठ्या दगडी उतारावरून खाली येणार होता. त्यासाठी बायकोला स्वतःची सायकल हवी होती, आणि ग्रूपमधल्या एका दातांच्या डॉक्टरांना त्यांची जुनी विकायची होती. त्यांनी सायकल आमच्याकडे पाठवून दिली. "चार दिवस ठेवा, पसंत पडली तर घ्या!"

खरं सांगू का? त्या उताराचे फोटो पाहिल्यापासून मी रोज रात्री त्यातले दगड मोजत होतो. पण "मला तुझी काळजी वाटते" हे वाक्य आमच्या घरी बोलायची पद्धत नाही. म्हणून मी फोर्कतज्ज्ञ झालो.

शुक्रवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये सायकल उभी केली, पुढचा ब्रेक आवळला आणि हँडलवर जोर दिला. फोर्क हलेना! आणखी जोर दिला. ढिम्म! सरकारी कचेरीतल्या फायलीसुद्धा यापेक्षा जास्त हलतात!

"जाम आहे!" मी विजयी स्वरात ओरडलो. "फसवलं तुझ्या डॉक्टरांनी!"

"अरे, ती निळी कळ..."

"कळबिळ काही नाही! बोलतोच त्यांच्याशी!" मी फोन लावला, स्पीकर चालू करून सोफ्यावर फेकला आणि सगळं वजन हँडलवर टाकून गरजलो, "डॉक्टर, तुमचा फोर्क म्हणजे लोखंडी गज आहे!"

"अहो साहेब, उजव्या पायावर एक निळी कळ..."

"तुम्हीही कळच सांगा!"

एवढ्यात बायकोने पुढे होऊन ती कळ फिरवली. चढावर फोर्क उगाच दबू नये म्हणून तो कुलूपबंद करायची ती सोय होती, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी एवढंच समजलं, की माझ्यासकट हँडल खाली गेलं, तसंच वर आलं आणि माझ्या हनुवटीवर आदळलं. जीभ दातांत सापडली.

"आँऽऽ! दाऽऽत!"

"दात?" फोनमधून डॉक्टर किंचाळले. "पडला? तुटला? हात लावू नका! ताबडतोब क्लिनिकमध्ये या!"

फोन बंद. बायको माझ्या तोंडात डोकावली. "दात शाबूत आहेत. जीभ चावलीये फक्त. पण जा तू. सायकलही घेऊन जा आणि त्यांची माफी माग. मी कपडे बदलून आलेच."

माफी? तज्ज्ञाने? निघण्यापूर्वी मी एक शेवटची तपासणी केली. डाव्या पायाच्या डोक्यावर एक टोपण होतं. ते उघडलं. आत एक इवलीशी खुंटी. ती दाबली.

फुस्स्स्!

फोर्कमधली हवा गेली. हँडलवर हात टेकवला, तर सायकल गुडघे टेकल्यासारखी पुढे वाकली आणि तशीच राहिली. मी घाईघाईने टोपण लावलं. कोणी पाहिलं नव्हतं.

क्लिनिक पलीकडच्याच रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. मी ती वाकलेली सायकल ओढत वर नेली. रिसेप्शनिस्ट म्हणाली, "सायकल आत नको, बाहेर पॅसेजमध्ये लावा." ही एक सूचना तिने दिली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं!

आत पाचसहा पेशंट बसले होते. माझ्या शेजारी गालाला रुमाल लावलेल्या एक आजी. पलीकडे टाय लावलेले एक गृहस्थ. आजींनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहून विचारलं, "काय झालं हो?"

माझ्या डोक्यात फोर्कशिवाय दुसरं काही नव्हतं. "पुढचे दोन्ही गेले," मी म्हणालो.

"अगंबाई! दोन्ही?"

"दाबले की खाली जातात, आणि वर येतच नाहीत. आतून पोकळ आहेत ना, हवा गेली की संपलं."

"पोकळ?" टायवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बसवले कुठे?"

"बसवलेलेच मिळाले. या डॉक्टरांचेच आहेत. इतकी वर्षं त्यांनी स्वतः वापरले. आता त्यांनी नवीन घेतले, म्हणून जुने आमच्याकडे पाठवले."

आजींनी रुमाल गालावरून काढून तोंडावर धरला. "आणि तुम्ही घेतलेत?"

"छे! ट्रायलवर आहेत. बायकोला पसंत पडले तर ठेवू."

"बायकोला कशाला पसंत पडायला हवेत?"

"वापरणार तीच ना! मी आपला तपासून बघतोय."

टायवाले उठले. "मला एक काम आठवलं," असं कोणाकडेही न बघता बोलून बाहेर पडले. त्यांच्यामागून एक नवराबायको. मग एक कॉलेजकन्या. शेवटी आजीही उठल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तक्रार करा. गप्प बसू नका."

मला त्यांचं कौतुक वाटलं. या वयात सायकलींबद्दल केवढी आस्था!

तेवढ्यात आतलं दार उघडून डॉक्टर आले. रिकाम्या खुर्च्या पाहून थबकले. "पेशंट कुठे गेले?"

उत्तर जिन्यातून आलं. आजींना पायऱ्या उतरायला वेळ लागत होता, आणि तेवढ्या वेळात त्या वर येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होत्या. "जाऊ नका हो! स्वतःचे वापरलेले दात लोकांना देतोय! त्यांच्या बायकांनासुद्धा!"

डॉक्टरांचा चेहरा त्यांच्या ॲप्रनसारखा पांढरा पडला. मला सगळा उलगडा एकदम झाला. मी जिन्याकडे धावलो. "आजी, सायकल! सायकलचे पाय! दात नव्हेत!" पण सुजलेल्या जिभेने ते "शायकचे फाय" असं काहीतरी बाहेर पडलं, आणि आजी आणखी घाबरल्या.

शेवटी डॉक्टरच धावत खाली गेले. सगळ्यांच्या हातापाया पडून त्यांना वर आणलं आणि पॅसेजमधली सायकल ढकलत थेट आतल्या खोलीत नेली. माझी बायको याच वेळी पोचली आणि काही न कळून सगळ्यांबरोबर आत शिरली.

"हे बघा!" डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "हेच ते पुढचे दोन्ही! फोर्क म्हणतात याला! यात काडीचा दोष नाही, आत्ता दाखवतो!"

सगळे हसले. टायवाले तर डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी कपाटातला पंप काढून फोर्कमध्ये हवा भरली. सायकल ताठ उभी राहिली. (हवा कशी गेली, हे कोणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.) मग त्यांनी खुर्चीवरचा मोठा दिवा फिरवून त्याचा झोत फोर्कवर टाकला आणि दात बघायचा चिमुकला आरसा हातात घेतला. "या बघा नळ्या, एक ओरखडा नाही. हे सील, तेलाचा थेंब नाही. आणि हा वरचा आडवा जोड, दोन्ही पाय याच्यात बसवलेले असतात. याची खालची बाजू एरवी दिसत नाही, पण आरशात..."

ते आणखी खाली वाकले.

आरसा थोडा वळवला. परत वळवला. मग त्यांनी एक निळं औषध कापसावर घेतलं, जोडाच्या खाली लावलं आणि पुसून काढलं. दातातली चीर शोधायला ते हे वापरतात म्हणे. सगळा निळा रंग निघून गेला. केसाएवढी एक रेघ तेवढी उरली.

"तडा आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "अर्ध्यापर्यंत गेलाय." आणि स्वतःच्याच पेशंटच्या खुर्चीत बसले. "मागच्या महिन्यात मी हीच घेऊन दगडांवरून उतरलो होतो. वहिनी, रविवारी जर तुम्ही..."

बायकोने माझा दंड धरला. असं पडून मोडलेले खांदे आणि फुटलेली डोकी ती रोज बघते. ती काय बघत होती हे मला दिसत होतं, कारण मीही तेच बघत होतो.

"तू हट्टाने तपासलंस म्हणून," ती म्हणाली. "मी तर उद्याच घेऊन टाकणार होते."

"मला तुझी काळजी वाटते," मी म्हणालो. जिभेमुळे ते "काळगी" झालं, पण तिला समजलं. आजींनी पुन्हा रुमाल काढला, या वेळी डोळ्यांसाठी.

डॉक्टरांनी ती सायकल त्याच संध्याकाळी निकालात काढली आणि रविवारपुरती बायकोला स्वतःची नवी सायकल दिली. तिचा जोड आधी आरशात, मग निळ्या रंगाने, मग पुन्हा आरशात बघूनच. रविवारी मी उताराच्या पायथ्याशी उभा होतो. खडखडाट जवळ येत गेला, ब्रेक करकचला आणि ओळखीची आरोळी आली, "बघितलंस का?"

"बघितलं!" मी म्हणालो, आणि मग डोळे उघडले. कानापर्यंत चिखल, दोन्ही खांदे जागेवर, आणि तोंडभर हसू! इतका मोठा श्वास मी जन्मात सोडला नसेल.

पण तोवर माझी कीर्ती ग्रूपभर पसरली होती. एकेक जण सायकल घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहू लागला. "साहेब, नुसता हात ठेवा हो, आमचा फोर्क कसा आहे सांगा!"

आता काय करणार? मी गंभीर चेहऱ्याने हात ठेवला, डोळे मिटले, दोनदा "हं... हं..." केलं आणि प्रत्येकाला एकच सल्ला दिला.

"एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या!"